कोरसमधला आवाज

शहापूरच्या बाजारात पत्रे आणि पाइप विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर रत्नदीपचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एकच खोली. भिंतींना त्याने स्वतः फोम चिकटवलेला, खिडकीला जुनी गादी बांधलेली, खाली पाइप कापायची मशीन सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं. तरी शहापूर-मुरबाडकडचे गाणारे त्याच्याकडेच यायचे. हळदीची गाणी, जयंतीची गाणी, पोराच्या पहिल्या वाढदिवसाचं गाणं, सगळं. गायक, ढोलकी, बेंजो, कोरस हे वेगवेगळं रेकॉर्ड व्हायचं; त्यातलं कोणाला वर ठेवायचं, कोणाला खाली, हे ठरवून रत्नदीप त्याचं एक गाणं करायचा. त्यालाच मिक्सिंग म्हणतात.

मिक्सिंग झालं की टेबलावरचे दोन मोठे स्पीकर बंद करून तो हातात मावेल एवढा एक ब्लूटूथ स्पीकर काढायचा. मोठ्या स्पीकरवर कुठलंही गाणं दणक्यात वाजतं. पण लोक गाणं ऐकतात रिक्षात, खळ्यावर, वीटभट्टीवर. तिथे ढोलाचा दणका पोचत नाही, फक्त शब्द पोचतात. शब्द पोचले नाहीत तर ते गाणं कोणी दुसऱ्यांदा लावत नाही.

आणि खरी परीक्षा तर घरी व्हायची. त्याचं घर शेणवे गावाच्या पुढे, रस्त्यापासून आत असलेल्या वस्तीवर. संध्याकाळी मोटारसायकल लावली की तो हा छोटा स्पीकर चुलीजवळच्या खिडकीत ठेवायचा आणि काही न बोलता गाणं लावायचा. त्याची आई गीताबाई तांदळाची भाकरी थापत असायची. दुसऱ्या कडव्यापर्यंत ती गुणगुणायला लागली, तर मिक्स पास. "काय म्हनतोय रे तो? तोंडात सुपारी हाय का त्याच्या?" असं विचारलं, की रत्नदीप दुसऱ्या दिवशी गायकाचा आवाज वर काढायचा. आपण रोज गाण्याची परीक्षा घेतोय, हे कितीतरी दिवस तिला ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा ती रत्नदीपच्या बायकोला, मेघाला म्हणाली, "बघ गो, इंजिनेर मी आणि बोर्डावर नाव याचं."

गीताबाईला गाण्यातलं कळायचं ते काही उगाच नाही. रत्नदीपचे वडील सदानंद यांची गायन पार्टी होती. शाळेत शिपायाची नोकरी करून सदानंद जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमांना, लग्नांना गायला जायचे. गाणी स्वतः रचायचे. पुढे ते, हातात पेटी. मागे कोरसला तीन बायका. मधली गीताबाई. तिच्या एका बाजूला तिची सख्खी धाकटी बहीण प्रेमा, जी याच वस्तीत दिलेली होती, आणि दुसऱ्या बाजूला शेजारची मैना. खर्डीपासून मुरबाडपर्यंत कुठल्या गावात ही पार्टी गायली नाही, ते शोधावं लागेल. सदानंद ओळ टाकायचे आणि बायका ती उचलायच्या. एकटीने गायचं गीताबाईच्या मनात कधी आलं नाही. आलं असेल तर ती बोलली नाही.

भात फुलोऱ्यावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. गीताबाई सकाळी परसात भांडी घासत होती. मेघाला भांडं पडल्याचा आवाज आला. ती धावली तर सासू भिंतीला टेकून बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. गाडी मिळवून कल्याणच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत बराच वेळ गेला. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती; उजवी बाजू थोडीफार येईल, बोलण्याचं सांगता येत नाही.

घरी आणल्यावर कळलं की तिच्याजवळ एकच शब्द उरलाय. "नाय."

पाणी हवं असलं तरी नाय. पोट भरलं तरी नाय. प्रेमा भेटायला आली, हात धरून रडली, तेव्हाही गीताबाई डोळे भरून "नाय, नाय, नाय" एवढंच म्हणाली. समोरच्याचं तिला सगळं कळायचं. स्वतःच्या तोंडून भलताच शब्द निघतोय हेही कळायचं, आणि ते कळल्याचा त्रास तिच्या कपाळावर दिसायचा. सदानंद पहिल्या पहिल्यांदा चिडायचे. "नाय काय नाय? पेज पायजे का नको, मान तरी हलव!" मग बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे आणि मेघाला म्हणायचे, "मी का ओरडलो गो तिला?"

त्या दिवसांत रत्नदीपचं कामात चित्त नव्हतं. मुरबाडचा हितेश नावाचा हळदीची गाणी गाणारा पोरगा दोनदा मिक्स परत घेऊन आला. "दादा, माझ्या मावशीला शब्दच कळंना."  खिडकीत स्पीकर ठेवणं रत्नदीपने बंद केलं होतं. चुलीपुढे आता मेघा असायची, आणि ती बिचारी प्रत्येक गाण्याला "छान झालंय" म्हणायची.

वस्तीवर विहाराचं बांधकाम चालू होतं. लोकांनी श्रमदान करून भिंती उभ्या केल्या होत्या. गीताबाई आजारी पडण्याच्या आधीच सदानंदांनी त्यावर गाणं रचलं होतं, सवालजवाबाचं. ते विचारायचे, "कोनी बांधला विहार गो?" आणि बायकांनी उत्तर द्यायचं, "आमी बांधला, आमी बांधला, डोईवर वाहून माती गो." उद्घाटनाला ते गाणं हवंच, असं वस्तीच्या मंडळाचं म्हणणं पडलं. सदानंद गायला तयार नव्हते, पण शेवटी स्टुडिओत आले, आपल्या ओळी गाऊन गेले. प्रेमा आणि मैनाचा कोरस नंतर घ्यायचं ठरलं.

रविवारी दुपारी रत्नदीपने ते अर्धं गाणं घरी आणलं. बाबांचा आवाज नीट बसलाय का बघावं म्हणून स्पीकर आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि तो चार्जर शोधायला वळला. गाण्यात सदानंदांनी विचारलं, "कोनी बांधला विहार गो?" पुढे नुसती ढोलकी होती. कोरसची जागा रिकामी.

त्या रिकाम्या जागेत मागून आवाज आला. "आमी बांधला, आमी बांधला, डोईवर वाहून माती गो."

 आवाज जडशीळ होता, शेवटचं अक्षर ओघळलं होतं, पण शब्द सगळे होते. वळून पाहिलं तर आई छताकडे बघत होती आणि तिचे ओठ पुढच्या ओळीची वाट बघत होते. पुढचा सवाल आला. तिने पुढचा जवाब दिला.

"बाबा!" तो ओरडला. "बाबा, आत या!"

सदानंद ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. विळा तसाच हातात घेऊन ते आत आले. गाणं पुन्हा लावलं. गीताबाई पुन्हा गायली. सदानंद खाली बसले, विळा बाजूला ठेवला आणि तिच्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणाले, "अगो, तू बोललीस."

ती त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "नाय."

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. रत्नदीपने त्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची वाट काही जणांची उघडी राहते. आईंच्या ओळखीच्या चालीत रोजचे शब्द घाला, त्यांना उत्तर द्यायला जागा ठेवा, घाई करू नका.

मग घरात वेगळंच काम सुरू झालं. चाळीस वर्षं स्टेजवर गायलेले सदानंद सकाळी चहा घेऊन बसायचे आणि बायकोला पाणी मागता यावं म्हणून ओळी जुळवायचे. "काय पायजे बाय गो?" याला उत्तर, "पानी पायजे, पानी पायजे." "कुठं दुखतंय सांग गो?" याला उत्तर, "खांदा दुखतो, खांदा दुखतो." रत्नदीप ते स्टुडिओत रेकॉर्ड करायचा. ढोलकी अगदी हलकी, बेंजो काढून टाकलेला, प्रत्येक सवालानंतर मोकळी जागा. हे मिक्सिंग मोठ्या स्पीकरवर तो ऐकतच नसे. ऐकणारी एकच होती आणि तिच्या उशाशी तो छोटा स्पीकर होता. मग त्या स्पीकरवर जे चांगलं ते चांगलं. जागा फार मोठी झाली तर ती गोंधळायची, लहान झाली तर शब्द मधेच तुटायचा. रत्नदीप ती जागा थोडी वाढवायचा, थोडी कमी करायचा. उभ्या आयुष्यात एवढ्या काळजीने त्याने कोणाचं गाणं केलं नव्हतं.

दिवाळी सरून कापणी आटपेपर्यंत गीताबाई चालीवर पाणी मागायला लागली. एकदा तर स्पीकर बंद असताना स्वतःहून तिने पाणी मागितलं, गाऊनच. मेघाने तांब्या घेऊन धावताना अर्धं पाणी वाटेतच सांडलं.

सदानंदांना मग थोडी गंमत सुचली. त्यांनी एक नवी ओळ बसवली. "उशाशी कोन बसलाय गो?" याचं उत्तर म्हणजे नवऱ्याचं नाव. लग्नात एकदा घेतलं असेल, त्यानंतर गीताबाईने ते कधी तोंडाने घेतलं नव्हतं. बोलावताना "अवो", आणि बाहेर कोणाला सांगायचं असलं तर "रत्नाचे बाबा". स्पीकरवर सवाल आला, ढोलकी चालू राहिली. सदानंद कानाचा द्रोण करून पुढे झुकले. गीताबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या वाकड्या झालेल्या तोंडावर हसू पसरलं आणि ती ठसक्यात म्हणाली, "नाय." या वेळचं "नाय" मात्र अगदी मनापासूनचं होतं. मेघा हसून हसून खाली बसली. सदानंदही हसले, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता.

हे कुठेतरी रेकॉर्ड करावं असं रत्नदीपच्या मनात आलं होतं. एकदा त्याने ती गात असताना मोबाइल समोर धरलाही. तिने मोबाइल पाहिला, गाणं तोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं. आपला ओघळलेला आवाज, आपलं वाकडं तोंड कोणी साठवून ठेवावं हे तिला नको होतं. त्याने मोबाइल खिशात टाकला. पुढे बरी झाली की माइकसमोर बसवू, असं त्याने ठरवलं.

लग्नसराई तोंडावर आली होती. रत्नदीप स्टुडिओत हितेशचं गाणं करत होता तेव्हा मेघाचा फोन आला.  ती म्हणाली, "तुमी या. सावकाश या. आता घाई करू नका."

दुसरा झटका आला होता. गाडी बोलवायलाही वेळ मिळाला नव्हता.

अंत्यविधी झाले. भन्तेजी आले, पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातेवाईक आले, प्रेमा सगळ्यांना पाणी देत फिरली आणि मधेच परसात जाऊन रडली. नंतर घर रिकामं झालं. सदानंद रोज पलंगाजवळच्या स्टुलावर बसायचे. गाणं नाही, पेटी नाही. एक दिवस त्यांनी रत्नदीपला विचारलं, "तिचा आवाज हाय का रे तुझ्याकडं?"

"हाय की. बघतो."

"एकटीचा. गान्याचा."

रत्नदीपने शोधलं. मुरबाडच्या ढोलकीवाल्याचा आवाज होता, आसनगावच्या बँडवाल्याचा होता, ज्यांची नावंही आठवत नाहीत अशा लोकांचे आवाज होते. आईचा एकटीचा नव्हता. त्याच्या लग्नाच्या व्हिडिओत ती हळद लावताना तोंड उघडून गाताना दिसायची, पण व्हिडिओवाल्याने त्यावर सिनेमाचं गाणं टाकलं होतं. ती फोनवर बोलायची ते सगळं वाऱ्यावर गेलेलं.

शेवटी त्याला पार्टीची काही वर्षांपूर्वी स्टुडिओत घेतलेली जुनी गाणी आठवली. तिन्ही बायका एकाच माइकभोवती उभ्या करून कोरस घेतला होता. सुटं सुटं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं गेलं होतं, फक्त तयार गाणी उरली होती. हल्ली कॉम्प्युटरवर गाण्यातून वाद्यं वेगळी काढता येतात. पण एका माइकवर मिसळलेले तीन आवाज कसे वेगळे करणार? छोटा स्पीकर कानाशी धरून तो एकेक ओळ चाळत बसला. एका गाण्याच्या शेवटी, बाकीचे आवाज थांबल्यावर, एक आवाज उरला होता. "माझ्या अंगणी चांदनं गो" एवढी एकच ओळ, एकट्या बाईची. ढोलकी काढल्यावर त्यात पाण्याखालून आल्यासारखी खरखर राहिली. त्याने खरखर घासून घासून काढली. मग ती ओळ त्याने त्याच स्पीकरवर तीनदा ऐकली. आईच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने तो स्पीकर सदानंदांच्या समोर ठेवला. ओळ वाजली. सदानंदांनी डोळे मिटले.

"परत लाव."

ओळ परत वाजली.

"तीच हाय," सदानंद म्हणाले. त्यांनी स्पीकर उचलून मांडीवर घेतला, त्याच्यावरून हात फिरवला. "तीच हाय रे. 'चांदनं' म्हनताना अशीच वर जायची ती. मी तिला कधी बोललो नाय, पन मला ते आवडायचं." आणि मग, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, ते मोकळे होऊन रडले. मेघाने पदर तोंडाला लावला.

प्रेमा तेव्हाच दारात आली होती. हातात वालाच्या शेंगांची पाटी. ती उंबऱ्यावर थांबून ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरलेला रत्नदीपने पाहिला. बहिणीचा आवाज ऐकून असेल, असं त्याला वाटलं. पाटी ठेवून ती लगेच निघाली. रत्नदीप तिला सोडायला वाटेवरच्या आंब्यापर्यंत गेला.

"रत्ना," ती म्हणाली, "तो आवाज माझा हाय रे."

"काय मावशी?"

"माझा हाय. आक्काला खोकला होता त्या दिशी. तूच म्हनालास, आई, जरा बाहेर बस, माइकात खोकला येतो. ती जिन्यात बसली होती. शेवटची ओळ तू माझ्याकडून परत घेतलीस."

रत्नदीपला जिना आठवला. जिन्यात बसून पाइपवाल्याच्या बायकोशी गप्पा मारणारी आई आठवली. रेकॉर्डिंग संपल्यावर "झालं का रे तुमचं?" असं विचारत ती वर आली होती.

"मी सांगतो बाबांना," तो म्हणाला. पण त्याचे पाय वळले नाहीत.

प्रेमाने त्याचा दंड धरला. "नको. तू बघितलंस ना त्यांना? राहू दे."

"पण मावशी, आवाज तुझा..."

"एका आईच्या लेकी आमी. असंल तिचाबी थोडा त्यात." ती डोळे पुसत निघून गेली.

त्या दुपारी रत्नदीपने स्टुडिओत जाऊन तीच ओळ मोठ्या स्पीकरवर लावली. लावल्याबरोबर कळलं. आईच्या आवाजाला खाली एक वजन होतं, भरलेल्या हंड्यासारखं. प्रेमामावशीचा आवाज पातळ. छोट्या स्पीकरला खालचं वजन वाजवताच येत नाही. त्याच्यावर दोघी बहिणी एकच झाल्या होत्या. खरखर ऐकू येईल म्हणून त्याने मोठे स्पीकर लावलेच नव्हते. लावले असते तर बाबांपुढे ती ओळ गेलीच नसती.  खाली पाइप कापायची मशीन सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली.

बाबांना त्याने सांगितलं नाही. तो छोटा स्पीकर त्याने त्यांनाच देऊन टाकला. सदानंद संध्याकाळी ओट्यावर बसून ती एकच ओळ ऐकायचे आणि आल्यागेल्याला ऐकवायचे. "आमची कारभारीन," म्हणायचे. लोक माना डोलवायचे.

विहाराचं उद्घाटन पुढे वैशाखात झालं. सदानंद गायला उभे राहिले. आवाज थकला होता, पण त्यांनी सवाल टाकले. कोरसला मैना होती आणि तिच्या दोन सुना होत्या. प्रेमा नव्हती. मंडळाच्या लोकांनी तिला दोनदा बोलावणं धाडलं, स्वतः सदानंद जाऊन म्हणाले, "ये गो प्रेमा, गीतेच्या जागी तूच शोभशील." तिने गळ्यावर हात ठेवून सांगितलं, "भावजी, घसा बसलाय माझा. बरा होत नाय." ती बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली आणि ओठ घट्ट मिटून सगळा कार्यक्रम पाहिला.

लावणीच्या दिवसांत एकदा रत्नदीप शेतात गेला होता. बायका चिखलात वाकून रोपं लावत होत्या, गात होत्या, आणि सगळ्यांच्या वर प्रेमामावशीचा आवाज होता, चांगला खणखणीत. इतक्यात लांबून, बांधावरून छत्री टेकत सदानंद येताना दिसले. मावशीने मान वर करून पाहिलं आणि गाणं मधेच सोडलं. बाकीच्या बायका गात राहिल्या. ती मुकाट्याने रोपं लावत राहिली, सदानंद पलीकडच्या बांधावरून दिसेनासे होईपर्यंत.